नव्वद आकडे

चारूताई तगारे पडल्या, तेव्हा घराला ते त्याच क्षणी कळलं. फक्त घराचा समज निराळा झाला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. आसनं आटोपून उठताना सतरंजीच्या दुमडीत पाय अडकला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या चारूताई कुशीवर आदळल्या. खुब्यात काहीतरी कटकन मोडलं. डोळ्यांपुढचे काजवे विझल्यावर त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या वीतभर पट्टीवर हिरवा दिवा होता आणि त्याखाली शब्द उमटला होता: ‘शवासन’.

“अरे गाढवा, पडलेय मी!” त्या ओरडल्या. पण घराला कान नव्हते. ते नसावेत ही त्यांचीच अट होती.

सांगलीत एव्हाना एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बहुतेक फ्लॅटांना ‘लहरघर’ बसवलेलं होतं. मेलबर्नच्या ओजसला, म्हणजे चारूताईंच्या मुलाला, खरं तर कॅमेरेच लावायचे होते. “मी अंघोळ करून कशी बाहेर येते, ते ऑस्ट्रेलियात दिसायला नको,” असं म्हणून आईने त्याला उडवून लावलं होतं. मग लहरघर आलं आणि ते बसवायला मिरजेच्या डॉ. सायरा मुजावर आल्या.

“काकू, तुमच्या इंटरनेटच्या डबीतून लहरी निघतातच की नाही? त्या घरभर फिरतात,” सायराने समजावलं होतं. “माणसाचं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. ते मध्ये आलं की लहरी वळतात, मंदावतात. छाती श्वासाने जरा जरी वर झाली, तरी लहरींना कळतं. त्यावरून घर ठरवतं, माणूस चालतंय, बसलंय की पडलंय.”

“आणि ते सगळं कुठं साठवता?”

“कुठंच नाही. लहरींची नोंद दर सेकंदाला पुसली जाते. मागे उरतो एक शब्द. तेवढाच तुमच्या मुलाला जातो. किती वाजता, किती वेळ, काही नाही. मी हे यंत्र बनवलंय, पण मलासुद्धा आत बघता येत नाही.”

चारूताईंना हे फार पटलं. पण पहिल्याच महिन्यात घराने तीनदा बोंब ठोकली. चाळीस वर्षं योगाचे वर्ग घेतलेल्या बाईंचं भुजंगासन घराला पडणं वाटलं, शवासन बेशुद्धी वाटलं. तिसऱ्यांदा तर कहर झाला. त्या कुंभक करत, म्हणजे श्वास आत रोखून निश्चल पडल्या होत्या आणि स्ट्रेचर घेऊन चौघे दारात हजर! जिन्यात अख्खी सोसायटी गोळा झाली होती. चारूताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी सायराला बोलावून फैलावर घेतलं. सायरा म्हणाली, “एक करता येईल. ही सतरंजी पसरता तेवढ्या जागेत पडण्याचा इशारा बंद करते. तिथं जे होईल ती साधना, असं घराला शिकवते. श्वासाचा इशारा मात्र मुळीच बंद करता येत नाही, तसा नियम आहे. श्वास तीस आकडे थांबला की घर मदत बोलावतं. तो आकडा तेवढा वाढवता येतो. तुमचा कुंभक किती असतो?”

तेव्हा दारात वरच्या मजल्यावरच्या देशमाने वहिनी उभ्या होत्या, स्ट्रेचरच्या दिवशी सगळ्यांत पुढे असलेल्या. चारूताईंचा कुंभक तरुणपणी साठापर्यंत जायचा. आता चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी.

“नव्वद,” त्या म्हणाल्या.

“नव्वद? काकू, एकदा करून दाखवता?”

“साधना काय तमाशा आहे, दाखवायला?”

सायरा जराशी घुटमळली. मग तिने नव्वद लिहिलं.

आता सतरंजीवर पडल्या पडल्या चारूताईंनी एकेक उपाय करून पाहिला. कडेपर्यंत सरपटायचं म्हटलं, तर बारा बायकांच्या वर्गाची सतरंजी, कड चार हात लांब. वीतभर सरकताच घेरी आली. हात जोरजोरात हलवले. पट्टीवर शब्द आला: ‘आसने’. फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होता. कामाच्या पारूबाई गावच्या जत्रेला गेल्या होत्या, त्या सोमवारी येणार. आज गुरुवार.

मग त्या पोटातून किंचाळल्या. वरच्या मजल्यावर खिडकी धाडकन बंद झाली. रोज सिंहासन करताना गर्जना करणाऱ्या बाईची किंकाळी कोण वेगळी ओळखणार? चारूताईंना रडू कोसळलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सतरंजीवर त्या उंदरासारख्या सापडल्या होत्या.

दुपारी तहानेने जीभ टाळूला चिकटली, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. श्वास! तेवढा एकच इशारा चालू होता. वाचायचं असेल तर घराला आपण मेलो असं वाटायला हवं.

त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि कोंडला. दहा. वीस. तिशीला कानशिलं ठणकू लागली. अडतिसाव्या आकड्याला खुब्यातून कळ निघाली आणि श्वास फुटला. पट्टीवर आलं: ‘प्राणायाम’.

दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा सव्वीस. दर वेळी तोच शब्द, तोच हिरवा दिवा.

चारच्या सुमारास ओट्यावरचा फोन वाजला, वाजून थांबला आणि ओजसचा निरोप मोठ्याने वाचू लागला. “आई, सकाळपासून बघतोय. शवासन, आसनं, प्राणायाम! या वयात कमाल आहे तुझी. साधनेत असलीस की फोन उचलत नाहीस, ठाऊक आहे मला. उगाच त्रास देत नाही. रविवारी बोलू.”

“ओजस,” चारूताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

देशमाने वहिनींनी त्या नव्वदावर विश्वास ठेवला नव्हता, सायरानेही नाही. ठेवला होता फक्त घराने. चारूताईंनी डोळे पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.