नाही म्हणून पाहिलं

कार्डं कापून-बांधून देणारा बाइंडर कोरी कार्डं पोचवायला आला आणि आमची संस्था चालवणाऱ्या मोठ्या ताईंच्या तावडीत सापडला. "आलाच आहात तर बसा, माणसं कमी आहेत," म्हणत त्यांनी त्याला थेट माझ्यासमोर बसवलं आणि हातात पेन दिलं.

घरातल्या छळातून सुटून निवाऱ्यात आलेल्या बायकांसाठी आम्ही दर महिन्याला धीर देणारी कार्डं लिहितो. पाच वाजता गाडी येऊन खोका घेऊन जाते.

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," तो म्हणाला.

"कोंबडी निदान लवकर तरी उरकते."

तो खळखळून हसला. मीही हसले... आणि लगेच दचकले. पुरुषासमोर इतकं सहज हसून किती वर्षं झाली होती!

पाचाला दहा कमी असताना तो खुशीत म्हणाला, "माझं एक झालं. खोक्यात टाकलंसुद्धा. लिहिलंय — तू कुठेही असलीस, तरी मी तुझ्यापाशीच आहे. जमलंय ना?"

मी खोका टेबलावर पालथा केला. साठ कार्डं, सगळी एकसारखी. त्याने का म्हणून विचारलं नाही, निमूटपणे तोही शोधू लागला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा... आणि शेवटी सापडलं, कोंबडीचे पाय!

"अहो, असे मेसेज त्यांना नवरे पाठवतात," मी म्हणाले. "मलाही यायचे. दिवसातून वीस-वीस."

'मलाही' तोंडातून निसटून गेलं होतं. आता हा कीव करणार, नाहीतर रागावणार...

त्याचा चेहरा पार उतरला. "माझं चुकलं," तो हळूच म्हणाला. "मग काय लिहू?"

"दाराला आतून कडी आहे, एवढं वाचलं तरी झोप लागते."

त्याने तेवढंच लिहिलं. खोका गेला.

"समोर चहा घेऊ या?" त्याने विचारलं.

मला जायचं होतं. खूप जायचं होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. "नाही," मी म्हणाले आणि सवयीने त्याच्या हातांकडे पाहत राहिले. आता आवाज चढेल, काहीतरी आपटेल...

"बरं," तो म्हणाला. पेनला टोपण लावलं, ताईंचा निरोप घेतला आणि निघाला. कपाळावर एक आठी नाही.

मी जिन्यापर्यंत धावले. "अहो... उद्या परत विचाराल?"

"विचारेन की. पण उद्याही नाही म्हणालात तर?"

"तर तुम्ही बरं म्हणाल," मी म्हणाले. "म्हणून तर हो म्हणणार आहे."