वल्ह्याला दिलेले सात हात

भोरहून कोयनेलच्या गोळ्या घेऊन आम्हाला भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडच्या धनगरवाडीत पोचायचे होते. तिथल्या भागूबाईंचा मुलगा नाथा हिवतापाने फणफणला होता. डोंगरातली वाट दीड दिवसाची, पाण्यातली अर्ध्या दिवसाची. सन १९३४ च्या त्या आश्विनात होडी एकच मोकळी होती: मी पुस्तकात पाहून बांधलेली, दोघांपुरती कयाक. ती अजून काठ सोडून लांब गेलेली नाही, हे सांगायचे मला धैर्य झाले नाही.

सोबत लतीफभाई होते. ते विहिरींच्या मोटा शिवत. दोन्ही टोकांना पाते असलेले माझे सागवानी वल्हे पाहून ते आधीच म्हणाले होते, “मास्तर, आमी मोटंच्या चामड्याला आटवलेलं करडईचं तेल पाजतो. ह्यालाबी तेच पाजा.” पण पुस्तकातले वल्हे कसे चकाकत होते! मी कपाटांना देतात ते चपड्याचे, लाखेचे पॉलिश दिले. चांगले सात हात.

मधल्या पाण्यात वारा उठला. लाटा आडव्या येऊ लागल्या. पॉलिश भिजून पांढरे पडले, बुळबुळीत झाले. माझे तळवे सोलले. एक लाट आली. मूठ सुटली. वल्हे गेले!

“उठू नगा! हातानं मारा पानी!”

आम्ही हातांनी पाणी मारत सुटलो. वल्हे हातभर अंतरावर आले, पुन्हा लांब गेले. अखेर लतीफभाईंनी झडप घातली. सापडले!

पाण्यातल्या एका टेकडीला आम्ही लागलो. लतीफभाईंनी कमरेची चामडे कापायची रापी काढली आणि पॉलिश खरवडायला घेतले.

“तेव्हाच जोर देऊन का नाही बोललात?”

“बोललो की! तुमी मान हलवली अन् पुस्तकाचं पान उलटलं.”

“मग आता तेल लावू या?”

“आता कुठं! वाळाया चार दिस लागत्यात. कोरंच चालवा.”

कोरे लाकूड मुठीत घट्ट बसले. दुपार कलताना वाडी दिसली. भागूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

“लई वाट बघायला लावली, मास्तर. पोरगं मला वळखंना झालंय.”

गोळ्या सुरू झाल्या. लतीफभाईंनी आपल्या कुपीतले तेल वल्ह्यावर चोळून ते उन्हात ठेवले. रोज एक हात तेलाचा, रोज ताप थोडा खाली.

पाचव्या सकाळी नाथा भिंतीला धरत अंगणात आला. त्याने वल्हे उचलले. त्यावर चकाकी नव्हती.

“हातातून सुटतं का रे?” मी भीतभीत विचारले.

त्याने दोन्ही मुठी आवळल्या.

“न्हाई सुटत, मास्तर.”