शहातच्या वाटणीचं खोदकाम

होडी कालव्याच्या काठाला बांधून झाली, जेवणं उरकली, तेव्हा म्हाताऱ्या हनफीकाकांनी वल्हेकरी पोरांना आपल्या मबरूका आत्याची गोष्ट सांगायला घेतली. काका म्हणाले, खोटं असेल तर हे पाणी मला गिळो.

हाच कालवा खोदला, त्या सालची गोष्ट. राज्य करणाऱ्या पाशाचे शिपाई गावंच्या गावं खोदायला उठवून नेत होते. घरटी एक माणूस. तो मेला, तर त्याच घरातला दुसरा. मबरूकाच्या नवऱ्याचं नाव शहात; तो खोदायला गेला होता. धाकटा दीर खिद्र तेवढा घरी उरला होता.

शाबान महिन्याची पंधरावी रात्र. मबरूकाने नवऱ्यासाठी मक्याच्या भाकरी आणि कांदे बांधले.

"वहिनी, कांदे मी निवडलेत म्हणून सांग दादाला. नाहीतर सगळं कौतुक तुझंच व्हायचं."

"सांगते हो. आयुष्यात एक काम केलंस ते."

ती कालव्याच्या बांधावर पोचली तेव्हा रात्रीची, इशाची नमाज होऊन गेली होती. माणसं चिखलातच झोपली होती, ओळीने. एकटा शहात खोदत होता. हातांनीच. कुदळी कुणाला मिळाल्याच नव्हत्या.

ती हाक मारणार, तोच गावातल्या शेजारच्या म्हाताऱ्या अवदने तिचा हात धरला.

"बोलू नकोस, पोरी. तो परवाच गेला. याच बांधात पुरलाय."

"मग हा..."

"सकाळी मुकादम डोकी मोजतो. त्याच्यामुळे ती पुरी भरतात. आम्ही त्याच्या नावाने मेलेल्यासाठी म्हणतात ती फातिहासुद्धा म्हटली नाही. ऐकली, तर निजेल तो. मग खिद्रची पाळी."

मबरूका बसून राहिली. चांदणं टिपूर होतं. शहात टोपली भरी. चढे. ओती. उतरे. बोटांना कातडी उरली नव्हती...

या रात्री वर्षाचं नशीब लिहिलं जातं. दिरासाठी दुआ मागावी म्हणून तिने हात पसरले. ओठांवर आली ती फातिहा.

शहात थांबला.

टोपली ठेवली. हात पुसले. आडवा झाला...

सकाळी एक डोकं कमी भरलं.

ती धावत गावी आली, पण पाशाचे घोडेस्वार आधीच येऊन खिद्रला घेऊन गेले होते. खिद्र पुन्हा कुणाला दिसला नाही.

"चौघा शिपायांनी खांदे लावले तेव्हा कुठे तुझं दार उघडलं," शेजारीण म्हणाली. "आतून काय लावलं होतं गं?"

"त्याला कडीच नाही."

"आणि खिद्र तर मागे कणगीत लपला होता..."

मबरूकाने दार फिरवून पाहिलं. आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, दहा बोटं उमटली होती. कालव्याच्या काळ्या चिखलाची. अजून ओली.