चकवा कुणाकडे?

भरधाव ट्रक गेला, वारा उठला आणि राखीच्या हातातला एक पत्ता उडून थेट पलीकडच्या बाकावरच्या तरुणाच्या पायाशी जाऊन पडला.

कोहमाऱ्याच्या फाट्यावरचा धाबा तो. शनिवारची शाळा सुटली की राखीबाई सडक अर्जुनीहून इथे यायच्या आणि गोंदियाच्या बसची वाट पाहत चहा घ्यायच्या. घर गोंदियाजवळ मुर्रीला. बस काही वेळेवर येत नसे, म्हणून त्या आपले पत्ते मांडून बसायच्या. बाई म्हणायचं ते वर्गातल्या पोरांसाठी. एरवी राखी अजून कॉलेजातलीच वाटायची.

तरुणाने पत्ता उचलला. त्यावर केस मोकळे सोडलेली, उलट्या पायांची हडळ होती. पत्ता त्याने आणून दिला, पण तिथून हलेना.

"मघापासून पाहून राहिलो जी," तो म्हणाला, "तुमी सोताच सोताले हरवून राहिल्या."

"दुसरा गडी नाही ना. खेळ दोघांचा आहे."

"मंग सांगा, कसा खेळाचा?"

शिकवायचं म्हटलं की राखीला रंग चढे. पोरांना विचार करायची गोडी लागावी म्हणून खेळ तिनेच बनवला होता. काही पत्ते भुतांचे, काही जागांचे. एक भूत आणि एक जागा न पाहता उपडी ठेवायची, बाकीचे पत्ते दोघांनी वाटून घ्यायचे. मग पाळीपाळीने विचारायचं... हडळ तुझ्याकडे आहे का? तलावाची पाळ आहे का? समोरच्याने खरं तेच सांगायचं. कोणतं भूत कुठे दडलंय हे आधी ओळखेल तो जिंकला. त्यात एक गंमत होती. भुतांमध्ये एक चकवा होता, माणसाला रानात वाट चुकवणारा. तो ज्याच्या हाती येईल, त्याला एकदाच खोटं बोलायची मोकळीक.

तरुणाचं नाव दुर्गेश. जवळच्या रोपवाटिकेत कामाला होता आणि शनिवारी नवेगावकडच्या आपल्या गावी जायचा. पहिल्याच डावात त्याने विचारलं, "तो... वाट भुलवनारा, तुमच्याजवळ हाये का?"

"नाव घ्या की त्याचं."

तो लाजला. त्याचे आजोबा जंगलू जन्मभर रानात राबलेले. रानातल्या भीतीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. वाघालासुद्धा ते 'मोठा' म्हणत. आणि तो वाट भुलवणारा कुठे आहे हे कळेपर्यंत दुर्गेशला चैन पडत नसे.

शनिवारमागून शनिवार गेले. धान कापून झालं, शेतं मोकळी झाली. दुर्गेश एकदाही जिंकला नाही, पण त्याने एकही शनिवार चुकवला नाही.

"काऊन जी, दर वेळी तुमीच कशा जिंकता?"

"तुमच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं."

"मंग अजून काय लिहिलं हाये?"

राखीने चहाच्या ग्लासात पाहिलं. "अक्षर जरा किचकट आहे... लागलं की सांगते."

खरं गुपित सोपं होतं. दुर्गेश प्रत्येक डावात आधी त्या वाट भुलवणाऱ्याचीच चौकशी करायचा. ज्या डावात केली नाही, त्या डावात तो त्याच्याच हातात! एवढं मात्र राखीने त्याला शिकवलं नाही.

मग तो शनिवार आला. पत्ते वाटता वाटता राखीने सहज बोलावं तसं सांगितलं की उद्या तिला पाहायला तिरोड्याहून पाहुणे येताहेत, मुलगा बँकेत आहे, बाबूजींना पसंत आहे. दुर्गेश "बरं" म्हणाला आणि हातातले पत्ते पुन्हा पुन्हा लावत बसला. डाव सुरू झाला. त्याने हडळ विचारली, मुंजा विचारला, पडकी विहीर विचारली. तिला ऐकायचं होतं ते मात्र बोलला नाही. आज बोलला नाही तर उद्या घरून होकार जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"माझी पाळी," ती म्हणाली. "उद्या मी त्या मुलाला हो म्हटलं, तर चालेल तुम्हाला?"

"हा खेळातला सवाल नाही जी."

"विचारलंय तर उत्तर द्यायचं."

त्याने मान वर केली नाही. "चालेल."

राखीचे डोळे भरून आले. पण पोरांना ती नेहमी सांगायची, घाबरायच्या आधी नीट बघा. काय विचारलं गेलं आणि काय नाही. तिने नीट पाहिलं. चकवा तिच्या हातात नव्हता. म्हणजे एकतर तो उपडा पडलेला, नाहीतर समोर. आणि आज दुर्गेशने सगळं विचारलं होतं, फक्त त्याच्याबद्दल अवाक्षर नाही.

"चकवा तुमच्याकडे आहे," ती हळूच म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. त्याने पत्ता टेबलावर ठेवला.

"एकदाच चालतो तो. आता खरं सांगा."

"नाही चालनार," दुर्गेश म्हणाला. "बिलकूल नाही चालनार. पन तुमचं घर शेतीवाडीचं, आमी जंगलाकडचे. जातही येगळी. तुमचे बाबूजी काय म्हनतील, म्हनून..."

"म्हणजे बाबूजींना भिऊन गप्प राहिलात?"

"तुमी नाही भेत?"

"भिते ना," राखी म्हणाली आणि तिने घरी फोन लावला.

आधी ती बोलली, चाचरत. मग तिने फोन त्याच्यापुढे धरला. दुर्गेश उभा राहिला. आपलं नाव, गाव, आजोबांचं नाव, काम सगळं सांगितलं आणि शेवटी, राखीशी लग्न करायचं म्हणतो, हेही. त्यानंतर बराच वेळ तो नुसता "हो जी" म्हणत राहिला. फोन परत आला तेव्हा बाबूजींचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. उद्याच्या पाहुण्यांना तिनेच नाही म्हणायचं होतं. बाबूजी त्यांची बोलणी खाणार नव्हते.

राखीने फोन ठेवला.

"रागावले?" दुर्गेशने विचारलं.

"खूप. आणि मग विचारून राहिले, पोरगा मासोळ्या खातो का म्हणून. पुढच्या शनिवारी जेवायला आण म्हणाले."

दुर्गेश बाकावर बसला आणि टेबलावरचे पत्ते गोळा करू लागला.

"खातो म्हना," तो म्हणाला. "डोक्यासकट खातो म्हना."