फाटकातला पहारा

किलव्हेराचं दफनस्थान दोन खोऱ्यांच्या मधे, नदीकाठच्या टेकाडावर होतं आणि त्याला फाटक एकच. सगळ्यात शेवटी पुरलेल्यानं त्या फाटकात पहारा करायचा, पुढचं प्रेत येईपर्यंत, अशी तिथली जुनी समजूत. पाद्रीबुवा तिला हसत. पण स्वतःच्या भावाच्या दफनाला त्यांनीही भराभरा पाय उचलले होते.

आयवरची लेक एफी सहाव्या वर्षी घशाच्या रोगानं गेली. बायका दफनाला जात नसत. शोनानं लेकीच्या पायांत आपण विणलेले जाड लोकरी मोजे चढवले, टाच दुहेरी घातलेले. झाकण ठोकून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अंधाराला भिते रे ती. पलीकडच्या खोऱ्यातही आजच दफन आहे. त्यांच्याआधी आत ने, तिला फाटकात उभं राहू देऊ नकोस."

आयवरनं मान हलवली. लेकीसाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

नदी ओलांडताना पलीकडच्या खोऱ्यातून दुसरी शवपेटी उतरताना दिसली. लाखलन आपल्या आईला घेऊन येत होता. दोन्हीकडची माणसं आधी झपाझप चालली, मग पळू लागली. दलदलीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. फाटकाशी दोन्ही पेट्या एकदमच पोचल्या.

"ओझं हलकं, म्हणून पळालात लेको," लाखलन धापा टाकत म्हणाला. "आमची म्हातारी जन्मभर उभीच राहिलीय, आयवर. आता तरी बसू दे तिला."

दरसाल हे दोघं एकमेकांच्या मेंढ्या कातरायला जात.

पेट्या खाली टेकल्या. खांद्यावरचे दांडे निघाले आणि डोक्यांत बसू लागले. कुणाचे दात गवतात पडले, कुणाचा कान लोंबू लागला. आयवरनं कुंपणाचा दगड उपसून लाखलनच्या कपाळावर घातला. तो खाली बसल्यावर पुन्हा घातला. कवटी तडकल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

एफी आधी आत गेली.

लाखलन भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांत रक्त उतरत होतं. "एकट्यानं उभं राहणं मला जमायचं नाही," तो आयवरला म्हणाला. आवाजात राग नव्हता.

आठवडा सरायच्या आत त्यालाही पुरलं. कुणी सरकारदरबारी गेलं नाही. दांडे सगळ्यांनीच चालवले होते. आयवरला वाईट वाटलं, पण खोटं कशाला, सुटल्यासारखंही वाटलं. त्यानंतर दोन्ही खोऱ्यांत कुणी मेलं नाही.

पहिला बर्फ पडला. भर दुपारी मेंढ्या घेऊन आयवर दफनस्थानाजवळून निघाला. फाटकाशी मेंढ्या थबकल्या.

बर्फात दोन मोठी पावलं उमटली होती, बाहेर तोंड करून. येण्याजाण्याचा माग कुठेच नव्हता.

शेजारी, अगदी लगटून, दोन लहान पावलं.

आयवर वाकला. बुटाची खूण नव्हती. लोकरीची वीण स्पष्ट उमटली होती, टाचेपाशी दुहेरी.