बाराशे वॅटचा शेजारी

ही २००८ सालच्या फेब्रुवारीतली, अमेरिकेतल्या डुलूथ बंदराची गोष्ट. सरोवर गोठलेलं, खनिजाची जहाजं धक्क्याला बांधलेली आणि त्यांच्यावरचे खलाशी घरोघरी रिकामे बसलेले. त्यातलाच एक, ट्रेंट ब्रोस्टाड, आयला नीमीच्या भिंतीपलीकडे राहायला आला आणि आयलाकडची वीज जाऊ लागली.

आयला थंडीत हीटर लावून मशीनवर भरतकाम करायची. मुलींच्या हॉकी संघाच्या अठरा जर्सींवर नावं भरून शनिवारी द्यायची होती. उशीर झाला तर पुढचं काम दुसरीकडे जाईल, असं संघाच्या बाईंनी बजावलं होतं. अकराव्या जर्सीवर अर्धं नाव उमटलं आणि खट्... दिवा गेला, सुई कापडात रुतून बसली. जर्सी वाया. आणि वीज जाण्याची ही आठवड्यातली तिसरी खेप.

ती दणादणा तळघरात उतरली. एका जुन्या घराची दोन बिऱ्हाडं केलेली, पण दोघांच्या खोल्यांची वीज एकाच खटक्यावर; भार जास्त झाला की तो पडायचा. तिथे तो आधीच उभा होता — लोकरी टोपी, आणि इतके निळे डोळे की तिला आणखीच राग आला.

“तुम्ही वर जहाज चालवता का?”

“कॉम्प्युटर,” तो म्हणाला. “त्याला वीज पुरवणारा नवा पॉवर सप्लाय घेतलाय. भारीतला. बाराशे वॅटचा.” बाळाचं वजन सांगावं तसा तो सांगत होता.

“म्हणजे माझ्या वाटची वीज तुम्हीच पिता तर.”

“बाराशे ही त्याची ताकद झाली. ओढतो लागेल तेवढीच.”

“लागते किती?”

ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

गावच्या वाचनालयातून पुस्तकांसारखं वीज मोजायचं यंत्रही घरी नेता यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन ती त्याच्या दारात हजर. त्याने सगळ्यात जड खेळ लावला, पंखे गरगरू लागले. दोघं गुडघ्यांवर बसून, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून, आकडा बघत राहिले. तीनशे नव्वद. त्यापुढे तो हलेना.

“बघ, माझा काही दोष नाही.”

“दोष नाही? चारशेसुद्धा लागत नाहीत आणि एवढं महागडं धूड आणलंस? पाचशेचा चांगला घेतला असतास तरी भागलं असतं.”

“जाणकार म्हणाले, मोठाच घे. पुढे लागेल.”

“पुढे कधी? बर्फ वितळलं की तू जहाजावर.”

त्याचे कान लाल झाले. मग शांतपणे तो म्हणाला, “आता तुझा हीटर मोजू.”

हीटर पंधराशे निघाला. खटका सोसायचा अठराशे. म्हणजे खरा चोर तिच्याच पायाशी ऊब देत बसला होता. आता रागवायचं कुणावर, हेच तिला कळेना... आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“माफी मागणार आहेस?”

“नाही.”

“बरं.”

तिने हीटर बंद केला आणि आखडल्या बोटांनी काम सुरू ठेवलं. दुसऱ्या दुपारी तो पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आला आणि तिच्या खिडक्यांच्या फटी बंद करू लागला. जाता जाता म्हणाला, तो सप्लाय दुकानात परत दिला, पाचशेचा आणला.

“तुझ्यासाठी नाही हं.”

“मी कुठे काही म्हटलं?”

शनिवारपर्यंत त्याचा कॉम्प्युटर बंदच राहिला. वाया गेलेलीच्या जागी दुसरी घेऊन अठराच्या अठरा जर्सी वेळेवर गेल्या.

पुढच्या मंगळवारी वीज पुन्हा गेली. हीटर बंद होता, आणि त्याच्या कॉम्प्युटरचा नि तिच्या मशीनचा आकडा आता तिला तोंडपाठ होता. बेरीज पाचशेच्या वर जात नव्हती. ती तणतणत खाली गेली. ट्रेंटचं बोट खटक्यावरच होतं.

“हा तू पाडलास.”

“हो.”

“आणि माझं मशीन चालू असतं तर?”

“नव्हतं. पाऊण तास भिंतीला कान लावून बसलो होतो... ते थांबेपर्यंत.” तो खाली बघत म्हणाला, “दार वाजवायला कारण सापडेना.”

“दार वाजवायला कारण लागतं, असं कुणी सांगितलं तुला? तुझ्या त्या जाणकारांनी?”

चेहऱ्यावरचा राग तसाच होता. पण तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला — आणि दोघांनी मिळून खटका वर केला.

मार्चअखेर त्याचं जहाज सुटलं. तेरा वर्षं तो दर हिवाळ्यात परतला, मग कायमचा. हॉकीचा संघ नव्या जर्सींतला पहिलाच सामना हरला, पण बाईंनी काम आयलाकडेच ठेवलं. पाचशेचा सप्लाय नऊ वर्षं चालला. दोन्ही बिऱ्हाडं आता त्यांचीच आहेत, खटके वेगवेगळे. अर्ध्या नावाची ती अकरावी जर्सी ट्रेंटने कोपरं फाटेपर्यंत वापरली.

आयला अजून तशीच रागीट आहे. आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर तो अजूनही मशीन थांबेपर्यंत उभा राहतो, मगच दार वाजवतो.