खुर्चीच्या मागे

कुंऽई...

महाराजांच्या खोलीतली दुपारची शांतता त्या बारीक शिटीनं मोडली. त्यांच्या कानातलं मशीन पुन्हा सैल झालं होतं. राजकन्या हातातलं विणकाम टाकून उठली, वडिलांच्या कानाशी वाकली आणि ते अंगठ्यानं हलकेच आत दाबलं. शिटी थांबली. खोली पुन्हा मुकी झाली.

तिचं आयुष्य म्हणजे आता हेच होतं. भावाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. धाकट्या बहिणी दूरदूरच्या राजघराण्यांत नांदायला गेल्या. हिला आलेली स्थळं कधी वयावरून, कधी मानपानावरून फिसकटली, आणि मग सगळ्यांच्याच सोयीनं तो विषय हळूच मिटला. "ताईसाहेब आहेत, म्हणून आम्हाला आबांची काळजी नाही," वहिनी पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. राजकन्याही हसायची. हसण्याचं तिला शिक्षणच मिळालं होतं.

आणि त्याच दुपारी तो आला. नेहमीचे कानांचे डॉक्टर आजारी, म्हणून त्यांच्या बदली. कोट भिजलेला, केसांतून पाणी ओघळतंय, आणि गालिचा खराब होईल या धास्तीनं दारातच उभा.

"आत या ना," ती म्हणाली.

"येतो... पण माझ्याबरोबर थोडा पाऊसही येईल."

त्यानं मशीन नीट बसवलं. मग म्हणाला, "तुम्ही जरा महाराजांच्या मागे उभ्या राहा. ओळखीचा आवाज लागतो तपासायला. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मनात येईल ते."

मनात येईल ते! असं तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. बोलायचं ते नेहमी दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं. ती गडबडली, आणि तोंडातून निघून गेलं, "या नव्या वास्तूचं उद्घाटन करताना मला अत्यंत आनंद होत आहे."

त्यानं वर बघितलं. भिंतीकडे बघितलं. "ही? हिचे तर पोपडे निघालेत."

ती खळखळून हसली... आणि आपल्याच हसण्यानं दचकली.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. मशीन काढून तो मागच्या टेबलाशी साफ करत बसे. तेवढा वेळ महाराजांना काही म्हणजे काही ऐकू येत नसे. ते खिडकीकडे तोंड करून आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसत. भावाची लेक त्यांच्या पायाशी चित्रं रंगवी. आणि खुर्चीच्या मागे ही दोघं.

"आज मशीनला काय झालंय?"

"मशीन ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे."

"अगं बाई! मग इलाज?"

"आहेत एक बाई. पण उद्घाटन असल्याशिवाय बोलत नाहीत."

"फीत आणा. कात्री माझ्याकडे असते."

छोटी मान वर करून विचारी, "आत्या, तू गोरीमोरी का झालीस?" आणि आत्या घाईघाईनं म्हणे, "तू रंगव बघू."

पण राजवाड्यात प्रेमाला जागा मोजूनच मिळते. घराण्याबाहेर लग्न करायचं, तर मुलीनं ते महाराजांच्या कानावर घालायचं. आणि कानावर आलं, की महाराजांनी 'नाही' म्हणायचं — तसा नियमच होता. त्यांची स्वतःची बहीण त्यांच्याच तोंडून असा नकार ऐकून या वाड्यात म्हातारी झाली. नकाराला न जुमानता किंवा न विचारता गेलेल्या मुलीला तर फाटक कायमचं बंद.

त्या दिवशी आभाळ इतकं भरून आलं, की भर दुपारी दिवे लावावे लागले. तो आला, पण थट्टा नाही, काही नाही. तेच मशीन पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"मला परगावी एका शाळेत काम मिळालंय," शेवटी तो म्हणाला. "ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांची शाळा. संध्याकाळच्या गाडीनं निघायचंय. पुढच्या खेपेला दुसरं कुणी येईल."

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याची बोटं तिच्या बोटांशेजारी आली... थांबली.

"तू चल ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच — तू.

"मला यायचंय." ती म्हणाली. "रोज सकाळी उठते ती यायचंय म्हणूनच उठते. पण आबांना नाही म्हणायला लावू? आणि न विचारता गेले, तर... नाही. मी नाही येऊ शकत. जा तू."

त्यानं मशीन तिच्या तळहातावर ठेवलं, बॅग उचलली. "निघताना 'येतो' म्हणतात," तो म्हणाला. "आज तेही म्हणता येत नाही." आणि गेला.

डोळे कोरडे करून ती खुर्चीला वळसा घालून वडिलांसमोर आली. मशीन बसवायला हात पुढे केला, तर महाराजांनी तिचं मनगट धरलं. त्यांची नजर खिडकीवर होती. बाहेर काळोख, आत दिवे. काचेत आरशासारखं सगळं दिसत होतं — खुर्ची, खुर्चीमागची भिंत, तिथला दिवा.

"बहिऱ्या माणसाला ओठ वाचायची सवय लागते," ते सावकाश म्हणाले. "माझ्यासमोर सगळे मान खाली घालून बोलतात, म्हणून कुणाला पत्ता नाही."

"आबा... म्हणजे तुम्ही..."

"मी काही ऐकलेलं नाही." त्यांची नजर आता तिच्या ओठांवर होती. "माझ्या कानावर काहीच आलेलं नाही. मग मी नाही कशाला म्हणू? बहिणीच्या वेळी माझे कान फार चांगले होते, पोरी. जा. त्याच्या पायांत काही जोर दिसला नाही मला. जिन्यातच असेल अजून."

"पण फाटक, आबा —"

"ते माझ्या हातात नाही. हे आहे." त्यांनी तिच्या हातातलं मशीन काढून घेतलं आणि मुठीत मिटलं.

तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, मग हलकेच तिला लोटलं. ती उठली, दारापर्यंत धावली. कडीला हात लावला, तेवढ्यात मागून पावलं आली. छोटीनं रंगानं माखलेल्या बोटांनी तिचा पदर धरला.

"आत्या, तू गेलीस, की आजोबांशी कोण बोलणार?"